शेऱ्याचा रकाना

पेरूगेटापाशी दुकान होतं हेंद्रे मास्तरांचं.
त्यांनी वह्या दिल्या त्या दिवशी
बाणेरच्या ऑफिसात सगळे उभे राहून बघत होते.
सव्वीस वह्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या,
एकोणीसशे एक्क्याऐंशीपासूनच्या,
कडांना खडूची भुकटी.
किमतीत त्यांनी घासाघीस केली नाही,
फक्त देण्याआधी
प्रत्येक पानाची डावी पट्टी कातरून घेतली.
नावांची.
कात्री इतकी सरळ चालली होती
की मिहिका मॅडमना वाटलं, वह्या अशाच मिळत असतील.

माझं काम भरणीचं.
छाती, कंबर, मुंढा, पाठरुंदी, गळा पुढे, गळा मागे.
दिवसाला तीनशे बायका, बिननावाच्या.
त्यांच्यावर शिकून मशीन आता
अकरा सेकंदांत ब्लाउज बेततं,
स्क्रीनवर एक राखाडी बाई उभी करतं.
ती श्वास घेत नाही, म्हणून तिला सगळं बसतं.
धायरीच्या शेडमध्ये लेझरने कापतात,
चिंधी उरत नाही; उरली तर टक्क्यांत उरते.

हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही.
माझा पगार त्यातूनच येतो,
आणि कुणा बाईला परक्या माणसाच्या टेपखाली
हात वर करून, भिंतीकडे बघत
उभं राहावं लागत नाही.
फोनसमोर एक गिरकी घेतली की झालं.

फक्त शेऱ्याचा रकाना कुठे भरायचा
ते कुणी सांगितलं नव्हतं.
पेन्सिलीचं बारीक अक्षर:
‘अंगावर पाजते. हुक पुढे.’
‘माप सासू सांगते. सासूचं ऐकू नये, इंचभर सैल.’
‘उजवीकडे ऑपरेशन. आतून कापूस, दोन थर. पैसे घेऊ नयेत.’
मॅडम म्हणाल्या, हे मोजता येत नाही. सोड.

एकदा मास्तर स्वतः बघायला आले.
काचेचं दार आपोआप उघडलं,
तर त्याला थँक्यू म्हणाले.
कापलेला तुकडा उचलून कड अंगठ्याने चाचपली.
“माया किती सोडता?”
“पाव इंच, काका. लेझर आहे ना, जास्त लागत नाही.”
“आणि बाई अंगाने भरली तर?”
“ॲप नवीन पाठवेल. त्याला आधीच कळतं.”
मास्तरांनी तुकडा उचलला होता तिथेच, त्याच घडीत ठेवला.
“मग धंदा चांगला आहे,” म्हणाले.
टोमणा होता का, अजून ठरवता आलेलं नाही.
पेठेतला माणूस.

गेल्या मंगळवारी, वही एकोणिसावी, पान बासष्ट.
मशीनने ओळ लाल केली: अपवाद. वगळू का?
उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली.
वय चौदा. चिंतामणी रंग, बहिणीच्या लग्नाचा.
शेरा: ‘मुलीला सांगू नये. अस्तरात पट्टी. माया दीड इंच.’

ताईच्या लग्नात सगळे म्हणाले होते,
किती ताठ चालते ही.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, गंमत म्हणून,
मी आमच्या कॅमेऱ्यापुढे उभी राहिले होते.
पाऊण सेकंदात खांद्यावर लाल ठिपका आला.
मी हसले होते सगळ्यांबरोबर.
तेव्हापासून बॅग डाव्या खांद्याला.

ब्लाउज घरी होता. उलटा केला.
पट्टी हाताला लागली, पत्त्यासारखी पातळ.
बगलेची शिवण उसवली:
आत दुमडलेला दीड इंच
तसाच्या तसा चिंतामणी.
बाहेरचा रंग केव्हाच उडालेला.

सकाळी ओळ अजून लालच होती.
वगळू का?
मी ‘नाही’ दाबलं.
त्याने कारण विचारलं,
आणि खाली सहा पर्याय दिले.