आडवं, उभं

शिरवळच्या शेडमध्ये माझं काम एवढंच:
फळीत गाठ दिसली की खडूनं खूण करायची.
पुढं करवत तेवढा तुकडा उडवते,
उरलेल्या दोन तोंडांना दाते पाडते
आणि बोटांत बोटं अडकवावीत तशी ती जुळतात.
पाटणच्या बांधांवरची सिल्व्हर ओक सगळी.

एक थर उभा, एक आडवा, पुन्हा उभा.
दौलत सुतार सांगतात, लाकूड फुगतं ते रुंदीला;
शेजारचा आडवा असला
की तो याला फुगू देत नाही, हा त्याला.
भावकीत असं कुठं जमलं असतं.

शौकतभाई मुलाण्यांनी तीस वर्षं स्लॅब ओतले.
पहिल्याच दिवशी गेटवर म्हणाले,
"नऊ मजले? लाकडाचे? काडेपेटी मी आणू का?"
साहेबांनी शेडमागं त्यांच्यासमोर तुळई पेटवली.
तासभर जळू दिली, विझवली, मधोमध कापली.
वरची दोन बोटं कोळसा.
आत मात्र
राखेत भाजलेलं रताळं फोडावं, तशी पिवळी.
शौकतभाईंनी नाक जवळ नेऊन वास घेतला.
दुसऱ्या दिवसापासून क्रेनला शिट्टी त्यांचीच.

आता गोडोलीत सातवा मजला चढलाय.
पाणी मारणं नाही, सेंट्रिंग नाही,
चार दिवसांत एक मजला.
समोरचा भेळवाला कुरकुरतो:
"आवाजच नाही. बांधताय का चोरताय?"

एक फळी मात्र मी सोडली.
यंत्र किणकिणलं, आत खिळा होता,
झाडानं वर्षावर्षानं गिळलेला.
कुणीतरी त्याला कंदील टांगला असेल, किंवा दुधाची किटली,
आणि मग विसरून गेलं असेल.
खिळा मी काढला. भोवती निळसर काळा डाग राहिला.
खूण करायला हवी होती.
हात खडूपर्यंत गेला, आणि सुपरवायझरनं जेवायला हाक मारली
असं मी नंतर स्वतःला सांगितलं.

मधल्या थरात गेली असेल, तर काही बिघडत नाही म्हणे.
तरी सुट्टीच्या दिवशी सातव्यावर जाते.
अजून भिंतींना काही लावलेलं नाही,
मी तळहात फिरवत चालते.
अजिंक्यताऱ्याकडून वारा येतो
आणि कुठंतरी आत
टक्.

"बसतंय," शौकतभाई म्हणतात, वर न बघता.
खिळा माझ्या पर्समध्ये आहे,
सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात. थोडा वाकडा.
कंडक्टरला देताना दोनदा हातात आला.