पांढरी रेघ

त्रिएस्तेत निळी रेघ म्हणजे पैसे,
पिवळी म्हणजे दुसऱ्याची,
आणि पांढरी म्हणजे फुकट,
म्हणजे जवळजवळ दंतकथाच.

चौथी घिरटी. ओंदिनाच्या मांडीवर केकचा खोका,
मावशीची नव्वदी, एक वाजता.
"नेव्हिओ, लाव ना पैशाच्या जागेत!"
प्रश्न पैशांचा नाही, मी म्हणतो.
खोटं. थोडासा पैशांचाच आहे.

कोण निघणार ते मला चालीवरून कळतं,
हात आधीच किल्ली चाचपू लागतो.
तशीच एक बाई, मासळीची पिशवी घेऊन,
धक्क्यालगतच्या गाडीत बसली.
मी इंडिकेटर लावला.

टिक्. टिक्.
मागे हॉर्न.
तिनं ना पट्टा बांधला, ना आरसा हलवला.
एक संत्रं काढलं, सोललं,
साल डॅशबोर्डवर ठेवली
आणि फोड फोड खाऊ लागली समुद्राकडे बघत.

एकदाच वळून पाहिलं तिनं.
माफी नव्हती त्यात, रागही नव्हता.
दार न वाजवता कुणी घरात शिरलं
तर आपण बघतो ना, तसं.

मी इंडिकेटर बंद केला.

वर टेकडीवर, दफनभूमीच्या भिंतीशी, जागाच जागा.
तिथून खाली पायऱ्या, अंगावर बोरा वारा,
खोका दोघांनी दोन बाजूंनी धरलेला,
तरी केक एका अंगाला कललाच.

मेणबत्त्या विझून गेल्या होत्या.
मावशीनं गाल पुढे केला, आधी तेच विचारलं,
"जागा मिळाली?"

होती एक, म्हटलं.
पण तिथे कुणीतरी राहत होतं.