तीन शनिवार

केमियार्वीच्या तळ्याकाठी आम्ही पाच जण
तीस वर्षं दर शनिवारी उघडे बसतो,
वाफेत, वरच्या फळीवर, खांद्याला खांदा लावून.
एकमेकांच्या अंगावरचा व्रण न् व्रण पाठ आहे:
औलिसचा करवतीचा, माझा अपेंडिक्सचा.
बोलायचं म्हणाल तर बर्फाची जाडी,
ट्रकचे टायर, आणि या वर्षी कोण गेलं.

तीन शनिवार मी गेलो नाही.
पहिल्यांदा म्हणालो, पाठ धरलीय.
दुसऱ्यांदा, ट्रक अडकलाय उत्तरेला.
तिसऱ्यांदा फोनच उचलला नाही.

खरं असं होतं:
पुढची कातडी लाल, सुजलेली,
कडेला बारीक चिरा, जुन्या रंगाला पडतात तशा.
मागे सारायला गेलो की डोळ्यांत पाणी.
आत पांढरं साचायचं, विरजण नासल्यासारखं,
आणि खाज अशी, की उणे पंचविसात
ओंडक्यांनी भरलेला ट्रक कडेला लावून
मी स्टिअरिंगला कपाळ टेकून बसायचो.

मी धुतलं. साबणाने. मग आणखी साबणाने.
जसा काही गुन्हा होता, आणि डाग जात नव्हता.
मग गायीच्या आचळांना लावायचं मलम,
आईच्या गोठ्यातलं, डब्यावरची तारीख पुसलेली.
त्या रात्रीबद्दल काही लिहीत नाही.

झोपायला मी दिवाणावर गेलो.
इर्या काही बोलली नाही. उशी आणून दिली.
तिला काय वाटलं असेल,
हे मला फार उशिरा सुचलं.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, म्हणतात.
मला जावई नाही. पण दवाखान्यात त्या दिवशी
नेमकी वेन्ला होती, औलिसची धाकटी,
जिला बर्फावरच्या ढकलगाडीवर बसवून
मी अख्खं तळं ओलांडलं होतं.
"पाठ दुखते," मी म्हणालो.
ती माझ्या चालण्याकडे बघत म्हणाली,
"पाठ अशी चालत नाही, टाइस्तोकाका."

पडदा ओढला. हातमोजे घातले.
मी छतावरचे चौकोन मोजले, एकवीस.
बाविसाव्याला तिने विचारलं,
"रात्री किती वेळा उठता?"
"चारदा."
"तहान?"
केबिनमध्ये हल्ली पाण्याचे पाच कॅन लागतात, तेवढं सांगितलं.
तिने बोट टोचलं. यंत्रावर आकडा आला अठरा.
उपाशीपोटी सहाच्या आत हवा होता.

"साखर लघवीतून उतरते," ती म्हणाली,
"आणि बुरशीची चंगळ होते.
कातडीने निरोप पाठवला होता.
तुम्ही त्याला साबण लावलात."

मग लिहून दिलं, मोठ्या अक्षरात, मी चष्मा विसरलो होतो म्हणून:
नुसतं कोमट पाणी, हलक्या हाताने कोरडं.
ही क्रीम दोनदा, बरं वाटलं तरी मध्येच सोडायची नाही.
इर्याला त्रास असेल तर तिनेही यावं.
आठवड्यात उतार नसेल तर परत.
ताप आला, लाली वर चढली, लघवी अडली,
तर सोमवारची वाट बघायची नाही.
आणि शेवटचं तिने लिहिलं नाही, डोळ्यांत बघून सांगितलं:
"कातडी मागे जाऊन तिथेच अडकली, पुढे येईना,
तर त्याच रात्री रोवानिएमी गाठा.
लाज घरी ठेवून जा, तिला गाडीत जागा नाही."

सहाव्या शनिवारी मी गेलो.
वर चढलो, माझ्या जागेवर बसलो,
आणि सगळं सांगितलं, मलमासकट.

कुणी हललं नाही.
औलिसने दगडांवर पळीभर पाणी टाकलं,
फुस्स झालं, आणि वाफेत सगळे दिसेनासे झालो.

मग टाउनोचा आवाज आला,
जो वर्षभर पंचा गुंडाळूनच बसतो:
"साबण... अजिबात नाही?"
"अजिबात नाही."

"वेन्ला किती वाजता असते?"
त्याने हे औलिसला विचारलं, मला नाही.
औलिस म्हणाला, "आठला."