खमीस

खसबहून दीड तास. होडी खल्फानची.
दोन्ही अंगांना डोंगर असे की
उतरायचं ते पाण्यातच.
औषधांचा डबा डोक्यावर, चपला काखेत.

शाळा म्हणजे दोन खोल्या, सत्तावीस पोरं.
मुली आत, मुलगे व्हरांड्यात, पाठ उन्हाकडे.
हा रोग ट्यूबलाइटला दाद देत नाही,
त्याला तिरपं ऊन लागतं.

यादीत अकरावा: खमीस.
आमच्या गुहागरात जुनी माणसं सदऱ्याला खमीस म्हणायची.
खमीस, खमीस काढ,
मी मराठीतच म्हणाले
आणि एकटीच हसले.

डाव्या पाठीवर फिकट चट्टा,
पन्नास बैसांच्या नाण्याएवढा.
खाजत नाही. दुखत नाही.
तेच तर.

कापूस बोटांत वळला, वातीसारखा.
डोळे मीट. लागलं की ऐवा म्हण.
मान. ऐवा.
कोपर. ऐवा.
चट्टा.
ऐवा!
सुटले बाई, म्हटलं,
आणि पेन घ्यायला हात उचलला.

ऐवा, तो म्हणाला.

मी तर शिवलेच नव्हते.
वाजल्या होत्या बांगड्या.

तीन काचेच्या. उतरवून खिडकीत ठेवल्या.
घड्याळही काढलं.
मान. ऐवा.
कोपर. ऐवा.
चट्टा.

खाली होडी दगडाला घासत होती.

पुन्हा चट्टा.
पोर थांबलेलं, शहाण्यासारखं,
डोळे गच्च मिटून,
माझी पाळी कधी येणार म्हणून.

आई आली. बत्तूल्याआडून विचारलं,
मासा खाऊन वर दूध प्यायला, म्हणून का?
माझ्या आत्यानं हेच विचारलं असतं,
ह्याच आवाजात.
नाही म्हटलं. रोगाचं नाव सांगितलं.
अरबीत ते मी पाठ केलंय,
मराठीत अजून जिभेवर अडतं.
सहा महिने गोळ्या.
पहिल्या दिवशी लघवी लाल होईल, भिऊ नका.
आणि त्याचं ताट वेगळं करू नका.
हे दोनदा सांगितलं,
एकदा मोडक्या अरबीत,
एकदा त्याच्या पाठीवर हात ठेवून,
बरोबर तिथंच.

त्याला कळलं नाही.
तिनं पाहिलं.

परत कधी? त्यानं विचारलं.
महिन्यानं. गुरुवारी.
यौम अल-खमीस! पोरं ओरडली,
आणि तो लाजला, सगळा वारच
आपल्या नावावर झाल्यासारखा.

खसबच्या धक्क्यावर दोर धरताना
हात हलका लागला.
बांगड्या तिथंच, खिडकीत.