मतेंगो

आमच्या चिचेवा भाषेत झाड म्हणजे मतेंगो,
आणि किंमत म्हणजेही मतेंगो.
दुभाष्याचं काम घेताना मी हे कुणाला सांगितलं नाही.
शाळेचा पगार दोन महिने थकला होता.

डॉक्टर एस्नार्ट म्क्वेझालाम्बा लिलोंग्वेहून आल्या,
कोर्टाने नेमलेल्या. वाईट बाई नव्हेत.
मुलांसाठी बिस्किटं आणली होती,
आणि प्रश्नावली, एकोणीस पानांची.
प्रश्न सातवा: नामिसेरे नदी पूर्वीसारखी व्हावी म्हणून
तुमचं कुटुंब दरमहा किती रक्कम द्यायला तयार आहे?

मी विचारलं.
म्हातारा जोलोमोले म्हणाला, नदी विकायला काढलीय? कुणी?
जाळं विणता विणता साकाला म्हणाला,
ज्यांनी घाण केली ते किती देतात, त्यांना विचारलंत?
मी इंग्रजीत सांगितलं: उत्तर नाही.
रकान्यात शून्य पडलं. दोन शून्यं.

आमायी फालेसी बराच वेळ गप्प.
दारात कसावाची टोपली.
कडू कंद; वाहत्या पाण्यात तीन दिवस बुडवून ठेवला
की त्यातलं विष नदी घेऊन जायची, न मागता.
वरच्या अंगाला बॅटऱ्या वितळवायची भट्टी आली,
आता नदीकडे स्वतःचंच इतकं,
की दुसऱ्याचं घ्यायला जागा नाही.
"तीन दिवस," ती म्हणाली.
तीन दिवस काय, डॉक्टरांनी मला विचारलं.
मी तिला विचारलं. ती म्हणाली, तीनच.

डॉक्टरांनी ते मजुरीच्या दराने गुणलं.

मग तियामिके. तिचा धाकटा, माझ्याच वर्गातला.
गेल्या वर्षी शंभरापर्यंत मोजायचा,
आता तिसावर थांबतो आणि खिडकीकडे बघतो,
जणू एकतीस बाहेर खेळायला गेलाय.
त्याच्या रक्तातलं शिसं मोजलेलं होतं, कागद होता.
शिशाने बुद्धीचे किती अंश खाल्ले,
एका अंशामागे जन्माची किती कमाई बुडाली,
त्याचं कोष्टक होतं.
पण कमाई इथल्या मजुरीने धरायची,
आणि पुढचं एकेक वर्ष बारा टक्क्यांनी झिजवत आणायचं
(उद्याचा पैसा आजच्याहून हलका, म्हणाल्या),
तेव्हा तियामिकेचा एक अंश
दोन कोंबड्यांवर येऊन बसला.

"हेच पोर लंडनमध्ये असतं तर?"
हे भाषांतर नव्हतं. त्यांना कळलं.
पेनाला टोपण लावत म्हणाल्या,
मास्तर, मी आले नसते तर इथेही शून्यच असतं.

ते खरं होतं. म्हणून नीट चिडताही येईना.

निकालाला सहा वर्षं लागली.
तोवर भट्टीचं नाव दोनदा बदललं, साकाला जाळं विकून
सरोवराकडे निघून गेला.
धनादेश घेऊन आमायी फालेसी शाळेत आली.
"वाच. किती दिवसांचे आहेत ते सांग."
मी फळ्यावर भागाकार मांडला,
डॉक्टरांच्याच दराने.
दोनशे.

तिने ओठ हलवत मनाशी काही मोजलं.
"म्हणजे दोनशे एकाव्या दिवशी
नदी परत देणार ना?"

मी खिडकीकडे बघितलं.
फळ्यावर खाली बाकी उरली होती,
एकशे दहा.