कानाडोळा

फॉर्मवर नावाचा रकाना रिकामाच होता.
एदेल्मिरा म्हणाली, "काय ठेवायचं, ज्याला हाक पोचत नाही?
मेंढरांच्या कुरणातला आहे. शीळ ऐकेना,
म्हणून मालकाने भर रस्त्यात गाडीतून उतरवून दिला.
पांढरीशुभ्र कुत्री कधीकधी अशी जन्मतात.
घरी जाऊन विचार करा."

मी सही केली. विचार मी
खेकड्यांच्या कारखान्यात करते, रात्रपाळीला,
आठ तास नांग्या फोडताना. तेवढा पुरतो.

पुंता आरेनासचा वारा असा
की चौकात माणसांना धरायला दोर बांधतात.
हातभर अंतरावरच्याशी ओरडून बोलावं
आणि त्याने "काय?" म्हणावं.
त्यात एक बहिरा वाढला तर कुणाला कळणार?
पण इर्माबाईंनी कुंपणावरून नावं ठेवलीच:
"राखणीला बहिरा! चोर येऊन
चहा करून, कप विसळून जाईल."

घरात तसा एक बहिरा होताच.
बास्तियान, सोळा वर्षांचा, मुक्काम हेडफोनच्या आत.
जेवायला चार हाका, पाचवी पळीने टेबलावर.
याचे वडील उत्तरेला तांब्याच्या खाणीत.
फोनवर "ऐकू येतंय का?"
याच्या पुढे आमचं कधी सरकलंच नाही.

पहिल्याच रात्री झोपलेल्याच्या पाठीवर हात ठेवला
आणि तो दचकून चावला. मनगटावर अजून व्रण आहे.
म्हटलं, उद्या परत देऊन येते.
बास्तियानने एका कानावरचा हेडफोन सरकवला,
"आधी कळू दे ना त्याला, कुणीतरी येतंय ते."
महिन्याभरातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

मग त्याने फळीवर टाच आपटली. हळू, दोनदा.
लाकडातून काहीतरी
त्या बरगड्यांपर्यंत चालत गेलं असावं,
कारण एक डोळा उघडला.

तळवा खाली: बस.
मूठ उघडली: शाब्बास.
छातीवर दोन बोटं, टकटक: माझ्याकडे ये.
अंगणातला दिवा दोनदा मिचकावला की
कुठूनही, लांब कुरणातूनही,
पांढरा ठिपका मोठा होत येतो.
डोळ्यांचेच कान केलेत त्याने.
आमच्याकडे दोन्ही धड,
आणि कानाडोळा तेवढा जमला.

नवीन वर्षाला बंदरातली जहाजं भोंगे वाजवत होती,
फटाके, शिट्ट्या, गल्लीतली यच्चयावत कुत्री पलंगाखाली.
इर्माबाईंची टॉमासा तर दोन दिवस सापडली नाही.
हा माझ्या पावलावर हनुवटी टेकून घोरत होता.
पावलावरच झोपतो.
मी उठले तर कळावं म्हणून.

त्याला नाव अजून नाही.
डॉक्टरच्या कार्डावर आडवी रेघ आहे.

आज सकाळी सहाला आले.
अंगाला खाऱ्या पाण्याचा वास, बोटं बधिर.
दार ढकललं तर जड लागलं,
पलीकडून तो टेकून झोपलेला.
स्वयंपाकघरात बास्तियान, हेडफोन, तोंडात अर्धा पाव.
सवयीने हाक ओठांवर आली. गिळली.
फळीवर टाच आपटली, दोनदा.

दोघांनी माना वर केल्या.
पाव तसाच दातांत धरून त्याने
छातीवर दोन बोटं वाजवली.

कुणासाठी, ते मी विचारलं नाही.
कुत्रा गेला.
बूट न काढताच, मीही.