कोड आठ

नजर पोचेल तिथवर नंदुरबारची पथारी, लाल,
आणि माझी प्रश्नावली पहिल्याच पानावर शिंकते.
एकवीस प्रश्न. प्रत्येकाला चार घरं,
शेवटी एक जादा घर : सांगता येत नाही. कोड आठ.
आठच का, ते माझ्या सरांनी मला सांगितलं नाही,
मी हर्षालीला सांगितलं नाही.

हर्षाली गिरासे तोंडाला ओढणी बांधून विचारत जाते.
बाया देठ खुडता खुडता बोलतात,
बोटं थांबत नाहीत.
मजुरी टोपलीवर आहे, उत्तरावर नाही.

एकाच पोत्यावर झुनाबाई वळवी, शकीलाबी,
त्यांच्या पाठीला पाठ लावून माळ्यांची सून.
धुळ्याला पंख्याखाली मी तक्ता काढतो
तेव्हा तिघींच्या मधून रेघा जातात.
सरळ जातात. याचं मला कौतुक होतं एके काळी.

मागच्याच्या मागच्या निवडणुकीला मी छापून बसलो होतो :
इथली आघाडी पक्की, जातींची बेरीज बघा.
बेरीज बरोबर होती. निकाल चुकला.
दोन वर्षांनी टपरीवर एका हमालाकडून कळलं,
ठेकेदाराचा काटा टोपलीमागे पावशेर खात होता
आणि उमेदवार ठेकेदाराचा मेहुणा होता.
पोत्यावर हे कधी ठरलं, आधी कोण म्हणालं,
कुणास ठाऊक.
माझ्या एकवीस प्रश्नांत काटा नव्हता.

म्हणून यंदा बाविसावा घातला :
तुमच्या मते इथला काटा बरोबर आहे का?

मुनीम छत्री घेऊन शेजारीच उभा.
आठ. आठ. आठ.
शकीलाबी आठ. माळ्यांची सून, हसून, आठ.
झुनाबाईनं हर्षालीला सोडून माझ्याकडे बघितलं :
"मत मन्हं शे भाऊ, तुन्हा कागदले कसाले देऊ?
आन तू सांग, तू कोनले दिधं?"
मुनीमचाही कान इकडेच.
मी म्हटलं, ते असं सांगत नसतात.
"मंग लिख," ती म्हणाली, "तुन्हंबी आठ."

रात्री गठ्ठा सोडला. बाविसाव्याला त्रेसष्ट आठ.
नियमाप्रमाणे ते गाळायचे, मग टक्केवारी.
एकेक कागद उलटत होतो,
कुठल्याशा पानावरची मिरची बोटाला लागली,
बोटाची डोळ्याला.
नळाला पाणी नव्हतं.
तसाच बसलो, एका डोळ्यानं पुन्हा मोजत.